वॉचमनच्या घरची दुभाषी: एक प्रकरण अभ्यास

शाळेकडून आलेली चिठ्ठी पाच ओळींची होती. मुलगी नववीत, मराठी माध्यमात. हजेरी घसरली आहे. पहिल्या तासाला बाकावर डोकं ठेवून झोपते. सातवीपर्यंत गणितात बरी होती, आता काठावरही पास होत नाही. पालकांना तीनदा निरोप पाठवला, कुणी आलं नाही. खाली वर्गशिक्षिकांनी आपलं निदानही लिहिलं होतं: घरचं वातावरण नेपाळी असल्यामुळे मुलगी दोन संस्कृतींत अडकली आहे.

तक्रारी सगळ्या खऱ्या निघाल्या, निदान मात्र साफ चुकलं होतं. परदेशातून आलेल्या आईबापांच्या मुलांबद्दल बोलताना 'दोन संस्कृती' हा शब्दप्रयोग फार लवकर तोंडात येतो, आणि एकदा तो आला की पुढची चौकशी थांबते. या मुलीची अडचण ओळखीची नव्हती, ओळखपत्राची होती. त्याहून आधी होती ती वेळेची. (हे प्रकरण एका घराचं म्हणून मांडलं आहे. पश्चिम पुण्यातल्या सोसायट्यांमधून काम करणाऱ्यांना अशी घरं नवीन नाहीत. ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत. मुलीला तिच्या घरी म्हणतात तसंच जेठी म्हणू, म्हणजे थोरली.)

कुटुंब चौघांचं, मूळचं सुदूरपश्चिम नेपाळमधल्या अछाम जिल्ह्यातलं. वडील बाणेरच्या एका सोसायटीत वॉचमन. कागदावर बारा तासांची ड्यूटी, पण राहायला पार्किंगमधलीच खोली असल्यामुळे प्रत्यक्षात चोवीस तासांची. शिवाय सकाळी बावीस गाड्या पुसण्याचं काम. आई चार घरी धुणंभांडी आणि फरशी करते. जेठीचा जन्म गावाकडचा, तीन वर्षांची असताना पुण्यात आली. धाकटा भाऊ पुण्यातच जन्मला, चौथीत आहे. घरात अछामी बोलली जाते, वडिलांना कामापुरती हिंदी येते, आईला त्याहून कमी. मराठी अस्खलित येते ती फक्त दोन मुलांना.

आठवड्याचा तक्ता

'घरी किती काम करतेस?' असं विचारलं तर अशी मुलं 'काही नाही, घरचंच असतं' असं सांगतात. ते खोटं नसतं, त्यांना ते काम वाटतच नाही. म्हणून प्रश्न न विचारता तिला एक कोरा तक्ता दिला. सात दिवस, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने, प्रत्येकात दोन शब्द लिहायचे. एवढंच.

आठवड्यानंतरची बेरीज सत्तावीस तास भरली. पहाटे सव्वापाच ते साडेसहा गाड्या पुसायला वडिलांना मदत, सहा दिवसांचे साडेसात तास. शाळा सकाळी सात वाजून दहा मिनिटांची, म्हणजे पहिल्या तासाच्या झोपेचं उत्तर इथेच मिळालं. दुपारी दोन ते चार वडील झोपतात तेव्हा गेटवर तीच असते, त्याचे बारा तास. तिथे वही उघडता येत नाही, कारण दर पाच-सात मिनिटांनी कुणीतरी डिलिव्हरीवाला येतो आणि ॲपमध्ये फ्लॅट नंबर टाकून परवानगी घ्यावी लागते. उरलेले साडेसात तास या प्रकरणाच्या गाभ्यातले: कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे इंग्रजी निरोप वाचून सांगणं, वडिलांच्या वतीने उत्तरं टाइप करणं, बँक, दवाखाना, सिलिंडर, भावाच्या शाळेचे फॉर्म.

आता हेही खरं की या घरात कुणी तिला राबवून घेत नव्हतं. दहाव्या वर्षी तिने पहिल्यांदा बँकेची स्लिप भरली तेव्हा वडिलांनी गावाकडे फोन करून कौतुकाने सांगितलं होतं. तिथून एकेक काम चिकटत गेलं, आणि काढून घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण अडत काहीच नव्हतं.

दुभाष्याच्या हातातली गाळणी

पालक शाळेत का येत नाहीत, याचं उत्तर मिळायला दोन भेटी लागल्या. शाळेचे निरोप वर्गाच्या ग्रुपवर येत होते. ग्रुपमधला नंबर वडिलांच्या नावाचा, फोन मात्र जेठीच्या हातात. सभेचा निरोप तीच वाचायची आणि पुढे सांगायची नाही. तिन्ही वेळा.

यात खोडसाळपणा शोधण्यात अर्थ नाही. जे मूल घर आणि बाहेरचं जग यांच्यातला एकमेव रस्ता असतं, ते काय पोचवायचं आणि काय गाळायचं हे ठरवायला आपोआप शिकतं. आधी आईबापांना वाईट वाटू नये म्हणून गाळतं: सेक्रेटरी रागाने बोलले तर ती 'साहेब म्हणतात जरा लक्ष द्या' एवढंच सांगायची. नंतर स्वतःला वाचवायला गाळतं. यूपीआयचा पिनही तिलाच माहीत होता. चौदा वर्षांच्या मुलीला अभ्यासात कुणी विचारत नाही आणि घराचा सगळा व्यवहार मात्र तिच्याशिवाय हलत नाही, ही स्थिती तिला जड होती आणि आवडतही होती. कामं काढून घेताना दुसऱ्या भागाकडे दुर्लक्ष केलं की फसतं. पुढे तसंच झालं.

सगळ्यात महाग पडली ती दवाखान्यातली गाळणी. आईला वर्षभर त्रास होता. सरकारी दवाखान्यात तीनदा जाऊन आल्या, तिन्ही वेळा लेक दुभाषी. आईने जे सांगितलं ते मुलीला डॉक्टरांपुढे, तेही वडील शेजारी उभे असताना, मराठीत उच्चारता येईना. ती म्हणायची, 'पोटात दुखतं.' तिन्ही वेळा आम्लपित्ताच्या गोळ्या मिळाल्या. चौथ्या वेळी प्रौढ नेपाळी बाई दुभाषी म्हणून सोबत होती आणि वडील बाहेर थांबले. तेव्हा पाच मिनिटांत कळलं की अंग बाहेर येतं, लघवीला त्रास होतो आणि दुसऱ्या बाळंतपणापासून हे वाढत आलं आहे. नेपाळच्या डोंगरी भागातल्या बायकांमध्ये गर्भाशय खाली उतरण्याचा हा त्रास मोठ्या प्रमाणावर दिसतो. बाळंतपणानंतर लगेच डोक्या-पाठीवर ओझी वाहणं हे त्याचं एक मोठं कारण. तपासणी झाली, आधारासाठी रिंग बसवली, ओटीपोटाचे व्यायाम शिकवले, भरलेल्या बादल्या उचलू नका असं सांगितलं. पोछाचं काम करणाऱ्या बाईला बादली उचलू नका सांगणं सोपं आहे. त्यावर तोडगा म्हणून चारपैकी दोन घरी अर्धी बादली दोनदा भरायची, असं ठरलं.

दुभाषी निवडतानाचा एक तपशील महत्त्वाचा. पहिलं नाव सुचलं ते शेजारच्या सोसायटीतल्या वॉचमनच्या बायकोचं. आईने नकार दिला, आणि ते योग्यच होतं: ती त्यांच्याच गावची, दवाखान्यातली गोष्ट दसऱ्याआधी अछामला पोचली असती. मग दुसऱ्या जिल्ह्यातली, ओळखीची नसलेली, घरकाम करणारी बाई मिळाली. तिला आधी सांगून ठेवलं: डॉक्टरांनी आईकडे बघूनच बोलायचं, एका वेळी एकच वाक्य, आणि शेवटी आईने काय समजलं ते स्वतःच्या शब्दांत उलट सांगायचं. या शेवटच्या पायरीला डॉक्टर कंटाळतात, पण रिंग किती दिवसांनी काढून धुवायची याचा घोळ तिथेच उघडा पडला आणि तिथेच मिटला.

कामांची वाटणी, आणि पहिल्या महिन्यातली पडझड

तक्त्यातून अकरा कामं निघाली. सगळी एकदम काढली नाहीत. भावाचा अभ्यास अर्धा तास आणि मोबाइल रिचार्ज तिच्याकडे राहू दिला. दवाखाना, पगाराची बोलणी आणि कमिटीशी वाद ही तीन कामं त्याच दिवसापासून बंद. बाकीची एकेक करून मोठ्यांकडे.

बँकेचं उदाहरण घेऊ. वडील दर महिन्याला गावी पैसे पाठवतात. भारत-नेपाळ रेमिटन्सची सोय रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये सुरू केली. रोख भरून पाठवायचे तर एका वेळी पन्नास हजारांची आणि वर्षाला बारा वेळांची मर्यादा आहे; खात्यातून पाठवताना २०२१ पासून मर्यादा दोन लाख. विनिमय दर ठरलेला, भारतीय १०० ला नेपाळी १६०, त्यामुळे हिशेबात गोंधळ होण्याचं कारण नाही. अडत होतं ते फक्त फॉर्मपाशी. एक फॉर्म नीट भरून घेतला, त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं, बदलणाऱ्या दोन जागांभोवती (रक्कम आणि तारीख) लाल पेनाने चौकट काढली. वडिलांनी पुढच्या महिन्यात तो बघून स्वतः भरला.

सोसायटीच्या निरोपांसाठी एक गोष्ट हाताशी होती, जिचा विचार कुणीच केला नव्हता. आई गावात पाचवीपर्यंत शिकलेली आहे आणि नेपाळी देवनागरीतच लिहिली जाते. इंग्रजी अक्षरांतला निरोप तिला डोंगर वाटतो, पण देवनागरीतलं मराठी ती अडखळत का होईना वाचते, आणि 'पाणी', 'बंद', 'सकाळी', 'टँकर' एवढं कळायला तेवढं पुरतं. 'ळ' दिसला की थांबते, बाकी अडत नाही. सेक्रेटरींना विनंती केली: निरोप देवनागरीत टाका किंवा आवाजात हिंदीतून पाठवा, मुलीच्या हातातल्या नंबरवर नको. वडिलांनी साधा स्मार्टफोन घेतला आणि जुना नंबर त्यात घातला. दुपारच्या दोन तासांसाठी कमिटीने दुसऱ्या पाळीचा माणूस द्यावा हे मात्र सहजासहजी पटलं नाही. 'मुलगी बसतेच की, हुशार आहे' हे वाक्य बैठकीत तीन जणांनी वेगवेगळ्या शब्दांत म्हटलं. शेवटी घरकाम करणाऱ्यांच्या नोंदीसाठी आधीच ठेवलेल्या सुपरवायझरची वेळ सरकवली, खर्च वाढला नाही, तेव्हा ठराव झाला.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. वडील एकदा चुकीच्या काउंटरवर उभे राहून तास घालवून आले आणि घरी चिडचिड केली. सेक्रेटरी सवयीने मुलीलाच हाक मारत राहिले. आणि जेठी, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ती सगळ्यांत जास्त बिथरली: 'त्यांना जमत नाही, मीच करते' म्हणून दोनदा परस्पर बँकेत गेली. इथे समुपदेशनाची लांबलचक भाषणं उपयोगी पडत नाहीत. वडिलांना शिकवण्याचं काम तिला द्या, करण्याचं नाही, हे चाललं. यूपीआयचा पिन तिने बदलायचा नाही, वडिलांनी बदलायचा आणि तिला सांगायचा नाही, यावर घरात दोन दिवस अबोला होता. तो पिन आजही वडिलांकडेच आहे.

दाखला, तारीख आणि आडनाव

वेळेचा प्रश्न मार्गी लागत असताना कागदपत्रं बाहेर काढली आणि खरा पेच दिसला. दहावीचा बोर्डाचा फॉर्म दिवाळीच्या आसपास भरला जातो. एकदा प्रमाणपत्र छापून आलं की त्यातली तारीख आणि नाव जन्मभर चिकटतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तीन चुका होत्या.

पहिली तारखेची. जन्म २०६६ सालच्या माघातला, विक्रम संवताप्रमाणे. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी कुणीतरी ५७ वजा करून २००९ चा जानेवारी लिहिला. नेपाळी वर्ष एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं. त्यामुळे वैशाखापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करायचे, जानेवारीपासून चैत्र संपेपर्यंत ५६. माघ २०६६ म्हणजे २०१० चा जानेवारी-फेब्रुवारी. मुलगी कागदावर वर्षाने मोठी झाली होती.

दुसरी आडनावाची. वडिलांच्या नावाचा दुसरा भाग 'बहादुर', मग आडनाव. आपल्याकडच्या 'नाव, वडिलांचं नाव, आडनाव' या रकान्यांत लिपिकाने 'बहादुर' आडनावाच्या जागी टाकलं आणि खरं आडनाव गळलं. नेपाळी कागदांवर मुलीच्या नावात मधे वडिलांचं नाव नसतंच, त्यामुळे दोन देशांचे कागद अक्षरशः सारखे होणं शक्य नाही. तसा हट्टही धरू नये. जन्मतारीख आणि आडनाव जुळवायचं, आणि उरलेल्या फरकासाठी गावच्या वडा (म्हणजे वॉर्ड) कार्यालयातून 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' अशी सिफारिस, म्हणजे शिफारसपत्र, घ्यायची. ती तिकडे नेहमी दिली जाते.

तिसरी चूक राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात: 'भारतीय'. कुणी खोटं सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं. ही दुरुस्ती करायला वडील घाबरले. शाळेतून काढतील, पोलीस येतील, असं त्यांना वाटत होतं. त्यांना समजावून सांगायच्या गोष्टी अशा. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी नागरिकाला इथे राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या 'प्रत्येक बालका'बद्दल बोलतो, नागरिकाबद्दल नाही, आणि वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. नववी-दहावी त्या कायद्याच्या बाहेर आहेत हे खरं, पण शाळेने लेखी सांगितलं की दुरुस्तीमुळे प्रवेशाला धक्का लागणार नाही. तो कागद हातात आल्यावरच वडिलांनी सही केली.

याच सुमारास एक एजंट मतदार ओळखपत्र 'काढून देतो' म्हणत घरी येऊन गेला होता. त्याला स्पष्ट नाही म्हणायचं. मतदार यादीसाठी खोटं निवेदन हा गुन्हा आहे, आणि नेपाळमध्ये दुहेरी नागरिकत्व चालत नसल्यामुळे तिकडचं नागरिकत्वही धोक्यात येतं. आधारचं तसं नाही. ते राहत्या माणसाला मिळतं, नेपाळी नागरिकालाही ठरलेली कागदपत्रं दाखवून काढता येतं. पण आधार म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

दसरा नको, मे महिना

मूळ जन्मदर्ता, म्हणजे जन्मनोंदीचा दाखला, गावातून आणायची होती. २०२४ च्या दशैंला (नेपाळी दसऱ्याला) कुटुंब गेलंच होतं. हजेरीतलं चोवीस दिवसांचं भगदाड तिथलंच, कारण प्रथम सत्राच्या परीक्षेच्या तोंडावरच हा सण येतो. पुण्याहून दिल्ली, आनंद विहारहून बसने बनबसा, गड्डाचौकीची सीमा, महेंद्रनगर, मग डडेल्धुरा-डोटीच्या घाटातून साँफेबगर. एका बाजूचे तीन दिवस जातात. तिथे पोचून वडा कार्यालयात गेले तर कुलूप. फूलपातीपासून, म्हणजे सप्तमीपासून, सरकारी कचेऱ्या बंद होतात. टीका (सणाचा टिळा) लावून, आशीर्वाद घेऊन, कागदाविना परत.

दशैंला जाऊ नका असा सल्ला देणं चूक ठरलं असतं. वर्षातून एकदा आजी-आजोबांच्या हातून कपाळाला टीका लागते, तीही शाळेच्या हजेरीसाठी तोडायची का? त्याऐवजी कामाची फेरी मे महिन्यात हलवली. २०२५ च्या उन्हाळी सुट्टीत वडील आणि जेठी गेले, आठवड्याची सुट्टी तिकडे तेव्हा शनिवारी असायची हे धरून रविवारी पोचले, चार दिवसांत जन्मदर्ता आणि सिफारिस दोन्ही मिळाले. दशैंला त्या वर्षी वडील एकटे गेले. आई आणि मुलं दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीजेच्या दिवशीच येणाऱ्या भाइटीकाला. जेठीची सहामाही बुडाली नाही.

परत आल्यावर शाळेत अर्ज: जन्मदर्ता, तिचं मराठी भाषांतर, वडिलांच्या नागरिकता प्रमाणपत्राची प्रत, तारखेच्या रूपांतराचा तक्ता, प्रतिज्ञापत्र. मुख्याध्यापकांमार्फत तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला. एकदा परत आला, कारण भाषांतरावर सही-शिक्का नव्हता. आदेश सप्टेंबरअखेर हातात पडला आणि रजिस्टरमध्ये लाल शाईने दुरुस्ती झाली. बोर्डाचा फॉर्म भरताना मुलीने स्वतः पडद्यावर तिन्ही रकाने वाचून घेतले.

नर्सिंगचं काय

जेठीला नर्स व्हायचं आहे. वडिलांची अपेक्षाही तीच, आणि ती अपेक्षा जड आहे: गावातल्या जमिनीचा एक तुकडा गहाण आहे, तो तिच्या पगारातून सुटेल असं ते उघडपणे बोलतात. त्यांना गप्प करण्यापेक्षा खरी माहिती देणं अधिक उपयोगाचं होतं. महाराष्ट्रात सीईटीतून राज्याच्या जागांवर प्रवेश घ्यायला भारतीय नागरिकत्व आणि अधिवास लागतो. तो तिच्याकडे नाही आणि मार्क कितीही पडले तरी येणार नाही. परदेशी विद्यार्थ्यांची वाट वेगळी आणि महाग आहे. नेपाळमध्ये दहावीनंतर तीन वर्षांचा प्रवीणता प्रमाणपत्र स्तराचा नर्सिंगचा अभ्यासक्रम आहे, त्यासाठी इथल्या दहावीची समकक्षता तिथल्या राष्ट्रीय परीक्षा बोर्डाकडून घ्यावी लागते. नेपाळीत लिहिण्याचा सराव मात्र आतापासून हवा. बोलते तितकं ती लिहीत नाही.

हे ऐकून ती आठवडाभर कुणाशी बोलली नाही. बारावीनंतर कळण्यापेक्षा नववीत कळलं, एवढाच त्यातला फायदा. तो तिला तेव्हा फायदा वाटला नाही आणि वाटावा अशी अपेक्षाही नव्हती.

प्रकरण बंद करताना आठवड्याचे सत्तावीस तास नऊवर आले होते. पहाटेच्या गाड्या अजून आहेत, पण फक्त शनिवार-रविवार. गणित भाग १ मध्ये चाळीसपैकी सराव परीक्षेत एकोणीस. सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर नागरिकता काढायची असते, ती बोर्डाची परीक्षा संपल्यावर मे महिन्यात, जिल्हा मुख्यालय मंगलसेनला.

धाकट्याच्या रजिस्टरमध्येही 'भारतीय' लिहिलेलं आहे. त्याचा जन्मदाखला महापालिकेचा, म्हणून तो भारतीय असं सगळे धरून चालले होते. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व मिळण्यासाठी आई किंवा वडील यांपैकी किमान एक भारतीय नागरिक असावा लागतो, आणि दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो; इथे दोघेही नेपाळी आहेत. त्याच्या जन्माची नेपाळी नोंद दिल्लीच्या बाराखंबा रस्त्यावरच्या दूतावासातून करायची की गावच्या वडा कार्यालयातून, एवढंच ठरायचं बाकी आहे. अर्ज या वेळी आई भरते आहे.